माझ्या पोटात माठाचं पाणी

मी एक जुना टीव्ही-गेमचा डबा आहे, मित्रांनो. निदान बाहेरून तरी तोच आहे. काळं प्लॅस्टिक, पाठीवर आडव्या खाचा, चार खटके, तारेने जोडलेली, लाल बटणाची एक दांडी आणि पुढच्या बाजूला लाकडी पट्टी. या पट्टीचा मला फार तोरा होता. पुढे एकदा तिचा कोपरा सुटला आणि सगळ्यांना कळलं, की ते लाकूड नाही, लाकडाचं चित्र छापलेला कागद आहे. हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. माझी पहिली आठवण म्हणजे कुवेतहून निघालेली एक सुटकेस. तिच्यात अत्तराच्या बाटल्या होत्या, दोन ब्लँकेटं होती आणि मधोमध मी. १९८५ साली इसाकभाईंनी मला जळगावला आणलं आणि मेहरूणमध्ये राहणाऱ्या धाकट्या भावाच्या, कादरच्या, हाती दिलं. कादर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. मागच्या खोलीत त्याची बायको सकीना शिवणयंत्र चालवायची. अर्ध्या मेहरूणच्या अंगावर तिच्या हातचं कापड होतं म्हणा ना.

मला पहिल्यांदा टीव्हीला जोडलं तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोनी ठिपका उमटला. बस, एवढंच. आजची मुलं त्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. पण सकीनाने दांडी डावीकडे ढकलली, ठिपका डावीकडे गेला, आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"या अल्लाह! ये तो मेरा कहना मान रहा!"

टीव्ही सगळ्यांनी पाहिला होता. टीव्ही बोलतो आणि आपण ऐकतो. पण आपण सांगावं आणि टीव्हीने ऐकावं, हे त्या खोलीने कधी पाहिलं नव्हतं. एक आजोबा तर टीव्हीच्या मागे जाऊन बघून आले.

दुसऱ्या दिवशी सकीनाने माझ्यासाठी लाल मखमलीचं कव्हर शिवलं. टेप लावली नाही, खडूने रेघ मारली नाही. डोळ्यांनी एकदा मला मोजलं, आणि कात्री कापडात शिरली ती दुसऱ्या टोकाला बाहेर पडूनच थांबली. कडा अशी सरळ, की कादरने पट्टी ठेवून पाहिली, तर तसूभरही फरक नाही.

पुढे घरोघरी केबल आली, नवे रंगीत खेळ आले. कादरची मुलगी मुमताज मोठी झाली, कॉलेजात जाऊ लागली. मी कपाटावर गेलो. तिथे उंदरांनी मखमलीचा समाचार घेतला. मी कोणाला दोष देत नाही. ठिपका बघून बघून किती बघणार?

१९९७ च्या हिवाळ्यात एका सकाळी सकीनाच्या हातातून कात्री खाली पडली. ती उचलायला वाकली आणि तीही पडली. लकवा होता. महिन्याभराने ती काठीच्या आधाराने चालू लागली, पण उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बोटं रोज हलती ठेवा. त्यांनी एक रबरी चेंडू दिला. सकीना तो पाच वेळा दाबायची आणि बाजूला ठेवायची.

"दबाया तो भी गेंद, छोड़ा तो भी गेंद," ती म्हणायची. "इसमें क्या दिल लगेगा?"

तेव्हा कादरने मला कपाटावरून उतरवलं. माझी दांडी तिच्या उजव्या हातात दिली आणि वरून स्वतःचा हात ठेवला. ठिपका हलला. दोन-चार दिवसांनी त्याने आपला हात काढून घेतला, तरी ठिपका हलला. अगदी थोडासा, मुंगीच्या चालीने. पण सकीनाने केलं आणि पडद्यावर झालं! त्या दिवशी ती बारा वर्षांपूर्वीसारखी हसली. मग रोज अर्धा तास आमचा दोघांचा ठरला. वर्षभरात तिची तीन बोटं दांडीवर घट्ट बसू लागली. अंगठा मात्र अजून रुसलेला होता, आणि अंगठ्याशिवाय कात्री चालत नाही.

आणि नेमका मीच दगा दिला. एका दुपारी विजेचा दाब अचानक वाढला आणि माझ्या पोटातून धूर निघाला. कादरने मला उघडलं, बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. माझी मुख्य चिप जळली होती. तशी चिप जळगावात नव्हती, मुंबईतही मिळाली नाही.

मुमताज तेव्हा नवी पेठेत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. ती आईला तिथे घेऊन गेली. शंभरावर बटणांचा तो कीबोर्ड पाहून सकीनाने उजवा हात ओढणीखाली घेतला. तो घरी येईपर्यंत बाहेर काढला नाही. आठवडे गेले आणि तिची बोटं पुन्हा आखडू लागली. एक दिवस तिने कात्री जुन्या फडक्यात गुंडाळली आणि कादरपुढे ठेवली.

"ये और मशीन, दोनों किसी को दे दो. किसी के काम आएँगे."

कादरने फडकं उचलून समोरच्या फळीवर ठेवलं. "गर्मी निकल जाने दो," तो म्हणाला. "फिर देखेंगे."

एवढीच मुदत होती, मित्रांनो. एक उन्हाळा.

मुमताजच्या क्लासने तेव्हाच एक जुना कॉम्प्युटर मोडीत काढला होता. तिने त्याचं पोट मागून आणलं. "अब्बा, अम्मी कॉम्प्युटरला हात लावणार नाही," ती म्हणाली. "पण या डब्याला लावेल. डबा तोच ठेवू, आतलं बदलू."

मग बापलेकीने मला रिकामं केलं. ती वेळ कशी होती ते मला नीट सांगता येत नाही. आतलं सगळं गेलं, आणि तरी मी होतोच. माझ्या पोकळीत हिरवा बोर्ड उतरला. त्यावर इतक्या बारीक रेषा, की वरून पाहिलेलं एखादं शहरच. वीज पुरवणारी जाडजूड पेटी माझ्यात मावेना, ती टेबलाखाली गेली. मुख्य चिपच्या डोक्यावरचा पंखा झाकणाला अडायचा, तो काढून सपाट पत्रा बसवला. कादरने एक जुना कीबोर्ड फोडला, त्यातली सर्किटची चार बोटं रुंद पट्टी काढली आणि बाणांच्या बटणांच्या तारा माझ्या दांडीला जोडल्या. आता दांडी हलली की कॉम्प्युटरला वाटायचं, कोणीतरी बटणं दाबतंय. त्याला काय ठाऊक!

फेब्रुवारीत त्यांनी मला सुरू केलं. ठिपका विसरा. डोंगर आले! रस्ता आला, वळणं आली, एक लाल मोटार आली आणि वरून बर्फ पडू लागला. हे सगळं माझ्या पोटातून निघतंय यावर माझाच विश्वास बसेना. सकीनाने बर्फ पाहिला होता तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. तिने आधी माझ्या कागदी पट्टीवरून डावा हात फिरवला, तिचा सुटलेला कोपरा चाचपला. डबा आपलाच आहे याची खात्री झाली, तेव्हा उजव्या हाताने दांडी धरली. मोटार पहिल्याच वळणावर दरीत गेली.

"और एक बार," सकीना म्हणाली.

मार्च बरा गेला. एप्रिलपासून जळगावचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकला. बिनपंख्याची माझी चिप दहा मिनिटांत तापायची आणि मोटार रस्त्यात थिजायची. झाकण उघडून पाहिलं, टेबलफॅन लावून पाहिला, पण फॅनचा वाराच चुलीसमोरून आल्यासारखा. मोटार थांबली की सकीनाचा हात पुन्हा मांडीवर. फडक्यातली कात्री समोरच्या फळीवर होती, तिकडे ती बघत राहायची.

अशात एक दिवस नशिराबादचे कौतिकनाना रेडिओ घेऊन आले. नाना मूळचे अमळनेरकडचे. सारी हयात केळीच्या बागांना ठिबकच्या नळ्या जोडण्यात गेलेली. त्यांनी मला उघड्या पोटाने पडलेलं पाहिलं आणि विचारपूस केली.

"कादरभाऊ, मशीनले ताप चढस ना? मंग तिले पानी पाज."

"पाणी? विजेच्या पोटात? नाना, थट्टा करता का गरिबाची?"

"थट्टा नही. केळीले देतस तेच याले देऊत. मुळाले पानी, पानले नही."

कादर बराच वेळ हसला. मग हसता हसता थांबला. त्याने मोडक्या फ्रिजमधली तांब्याची बारीक नळी काढली, तिचं वेटोळं करून तांब्याच्या पत्र्याला कथिल वितळवून डाग दिला आणि तो पत्रा चिपवर घट्ट बसवला. नानांनी ठिबकची काळी नळी आणली. खिडकीच्या सावलीत माठ ठेवला, त्यात कूलरचा पंप सोडला. माठातलं पाणी नळीने माझ्या पोटात येणार, वेटोळ्यातून फिरणार आणि उष्णता घेऊन परत माठात जाणार. मित्रांनो, मी कुवेतहून आलो आहे, पण असली युक्ती कुठे पाहिली नाही.

पंप सुरू झाला. गार पाणी माझ्या आतून गेलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, वीस झाली, मोटार धावतच होती. सकीनाने एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. आणि मग मला तो थेंब दिसला.

नळीला माझ्या आत एक छोटं भोक होतं आणि भोकात थेंब थेंब पाणी सोडणारं ठिबकचं टोपण बसवलेलं होतं. थेंब तिथे लोंबत होता. मी ओरडू शकलो असतो तर सारं मेहरूण गोळा केलं असतं. थेंब सुटला. पडदा काळा झाला. मुमताजने धावत जाऊन बटण बंद केलं. सकीनाने दांडीवरचा हात अलगद काढून घेतला.

नानांनी वाकून नळी माठापासून मोजत आणली. माठापासून पाच फुटांवर भोक होतं. केळीच्या दोन झाडांत असतं तेवढंच अंतर.

"मना हातनी चूक शे," ते म्हणाले. "पाच फूट व्हयनं का हात आपोआप भोक पाडस. मी पाह्यबी नही. भाबी, तुम्ही सांगा ते करसू."

सकीना त्यांच्या हाताकडे बघत होती. चाळीस वर्षं तेच काम केलेला तो हात. मग ती हळूच म्हणाली, "नाना, तुमच्या हाताला काम अजून पाठ आहे. माझा विसरला. रागावू कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पुन्हा हजर. भोक नसलेली नवी नळी आणि खांद्यावर उपरणं. बोर्ड त्यांनी गच्चीवर नेला. शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि इकडे स्वच्छ चादरीवर माझं काळीज. दोन दिवस नाना तिथे जिन्याच्या सावलीत बसून होते. तासातासाला उठायचे, बोर्ड पलटायचे, पुन्हा बसायचे. ज्या उन्हाने मला महिनाभर छळलं, तेच ऊन आता माझ्या बारीक बारीक सांध्यांत शिरून ओल शोधत होतं. मी रिकामा डबा खाली टेबलावर पडून होतो आणि जन्मात पहिल्यांदा उन्हासाठी दुवा मागत होतो.

तिसऱ्या दिवशी बोर्ड परत माझ्यात बसला. कादरने बटण दाबलं. काही नाही. नानांनी डोळे मिटले. मग पडद्यावर अक्षरं सरकली, डोंगर आले आणि बर्फ पडू लागला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नाना उठले, कोपऱ्यात गेले आणि उपरण्याने तोंड पुसत राहिले. सकीनाने दांडी धरली आणि त्या दिवशी पुरा अर्धा तास मोटार चालवली. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत बर्फ, आणि माझ्या पोटात माठाचं पाणी.

उन्हाळा निघून गेला. कात्रीचा विषय कादरने काढला नाही, सकीनानेही नाही. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मोटार चालवताना तिचा अंगठा उठला आणि दांडीवरच्या लाल बटणावर जाऊन बसला. कोणी सांगितलं नव्हतं. तिने तो तसाच ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत बसली. मोटार केव्हाच दरीत गेली होती.

"मुमताज," ती म्हणाली, "वो फडका ला."

जुन्या निळ्या पडद्याचं कापड होतं. कात्री आत शिरली आणि थांबली. पुन्हा थोडी शिरली, पुन्हा थांबली. जे काम एका श्वासात व्हायचं त्याला दोन सकाळी लागल्या. मग डाव्या हाताने कापड सावरत, काठी बाजूला ठेवून, तिने मशीनवर शिवण घातली. माझं नवं कव्हर तयार झालं. एक बाजू दुसरीपेक्षा चार बोटं आखूड. मुमताजने कात्रीकडे हात नेला, "अम्मी, किनारी सीधी कर दूँ?"

"रहने दे," सकीना म्हणाली. "मेरे हाथ की है."

आता नवं साल येतंय, दोन हजार. लोक म्हणतात, सालाच्या नव्या आकड्याने सगळे कॉम्प्युटर गोंधळणार. होऊ दे काय व्हायचं ते. माझं पोट एकदा बदललं आहे, आणखी एकदा बदलेल. तुम्हाला माझी एकच विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू पडून असेल. ती भंगारात देण्याआधी घरच्यांना विचारा, तिला कोणाचा हात लागायचा. आणि कधी मेहरूणला आलात तर मला भेटा. आखूड कव्हरामुळे माझा उजवा कोपरा उघडा राहतो, तिथे धूळ बसते. तेवढी पुसा. पण कव्हर ओढून सरळ करायला जाऊ नका.