चार भोके रिकामी

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या पोटात, मागच्या कोपऱ्यात पंखा फिरवत बसलेली पत्र्याची पेटी तुम्ही पाहिली असेल. तीच मी, एक जुना पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घ्यायची, तिला नरम करायची आणि ज्याला जेवढी सोसेल तेवढीच द्यायची, हा माझा धर्म.

माझे सारे आयुष्य दूर डोंगरांतल्या नारीन गावात ओमुरझाक-अतांच्या, म्हणजे ओमुरझाकबाबांच्या, घरी गेले. अता कोमुझ वाजवून नसीहती, म्हणजे उपदेशाची गाणी, गात. ते तीन तारांचे वाद्य मांडीवर आले की गर्व, लोभ, मरण, खुदाचे स्मरण, सगळे त्यातून बोलू लागे. ऐकणारे आधी हसत, मग हळूच डोळे पुसत. पण शिष्य एकही टिकला नाही. पोरे कामधंद्याला परदेशी गेली. म्हणून त्यांची लेक बुरुलचा हिने एका हिवाळ्यात त्यांच्यासमोर माईक ठेवला आणि एकेक नसीहत कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवून घेतली. गावातली वीज लहरी. दिवे सारखे लुकलुकत. पण एकही धक्का मी आत येऊ दिला नाही. अता माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणत, "हा माझा खरा शिष्य! बसल्या जागेवरून हलत नाही, आणि जेवायलाही मागत नाही."

तो काळ सुखाचा होता. पुढे उष्णतेने, वीज एकसारखी ठेवणारे माझे आतले कपॅसिटर फुगत गेले. बाहेरून ते कुणाला दिसले नाही.

पिकल्या वयात अता गेले. असा दीर्घायुषी माणूस गेला की आमच्याकडे त्याच्या कपड्याची चिंधी तरी लोक घरी नेतात. तिला तेबेरिक म्हणतात. त्याचे आयुष्य आपल्यालाही लाभावे, ही त्यामागची श्रद्धा. कुणी टोपी नेली, कुणी अंगरख्याची पट्टी. बुरुलचाने कॉम्प्युटर मागून घेतला.

अतांना जाऊन वर्ष होत आले, त्यांच्या स्मरणाचे जेवण जवळ आले. त्या दिवशी अतांनी स्वतःच्याच आवाजात पाहुण्यांना बोध करावा, एवढीच तिची इच्छा होती. पण कॉम्प्युटरचा जुना मदरबोर्ड सुरूच होईना. तिच्या मुलाने राजधानीतून नवा बोर्ड पाठवला आणि बाजारातला दुरुस्तीवाला कलिक तो बसवायला आला. तो बुरुलचाला एजे, म्हणजे ताई, म्हणे. मला पाहताच तो हसला.

"बुरुल-एजे, याला संग्रहालयात पाठव. बोर्डाला चोवीस पिना लागतात, याच्याकडे वीस. बसेल, पण चार भोकं रिकामी राहतील. प्रोसेसरकडचं सॉकेट तर अर्धंच भरेल."

"चालू होईल ना?"

"म्हातारा नवरदेव होऊन घोड्यावर चढेलही, उतरेल कसा ते विचार! नवा बोर्ड जोर ओढतो बारा व्होल्टच्या तारांतून. याचा सगळा जोर पाच व्होल्टच्या तारांत. नवीन मागव."

"घाटात बर्फ आहे, कलिक. आणि उद्या पाहुणे."

"मग डिस्क दे. दुकानात आधी कॉपी काढतो."

"तुझ्या दुकानात? सापरांच्या लग्नाचं रेकॉर्डिंग गेलं तिथं?"

"ते नवऱ्यानंच पुसलं असेल, एजे!"

ती हसली, पण ऐकले नाही. माझ्या पत्र्यावर, अता मारत तशीच, थाप मारून म्हणाली, "हा अतांचा तेबेरिक आहे. त्यांच्यासारखाच टिकेल. लाव."

मित्रांनो, मला तोंड असते तर ओरडलो असतो.

कलिकने मान हलवली आणि मला जोडले. पंखा फिरला, पडदा उजळला. बुरुलचाने खुदाचे आभार मानून दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. तिने सगळ्या नसीहती पेनड्राइव्हवर उतरवायला लावल्या आणि पहिली सुरू केली. खोलीत अता गाऊ लागले :

"पाहुण्या जिवा, ऊब घे,
पण चूल आपली समजू नको.
निघताना मागे ठेव—"

तोच नव्या बोर्डाने जोर मागितला. मी होते नव्हते तेवढे दिले. पोटात काही फुटले, धूर निघाला, आणि ज्या धक्क्यापासून मी डिस्कला जन्मभर जपले, तो शेवटी माझ्याच तारेतून तिच्यात गेला.

कलिकने डिस्क उघडून पाहिली, हुंगली. म्हणाला, "एजे, डिस्क गेली. पेनड्राइव्हही."

दुसऱ्या दिवशी पाहुणे जेवले. मग सगळे बुरुलचाकडे पाहू लागले. तिला कोमुझ येत नव्हते. तिने तशीच सुरुवात केली : पाहुण्या जिवा, ऊब घे. चूल आपली समजू नको. निघताना मागे ठेव. तिथे ती थांबली. पुढे काय, तिला आठवेना. तिने एका म्हाताऱ्याकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे. कुणालाच आठवेना. कोमुझ भिंतीला टेकून होते.

मित्रांनो, म्हाताऱ्यांना मान द्या, पण त्या मानापायी नव्याचे ओझे त्यांच्या खांद्यावर टाकू नका. आणि जो आवाज एकाच जागी राहिला आहे, तो आजच आणखी कुठेतरी उतरवून ठेवा; वहीत, नाहीतर लेकरांच्या तोंडी.

तिने मला फेकले नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. तिने मला अतांच्या अंगरख्याच्या उरलेल्या पट्टीत गुंडाळले आणि पेटीत, जळक्या डिस्कच्या शेजारी ठेवले. अजून ती आल्यागेल्याला पेटीचे झाकण उघडून मला दाखवते आणि विचारते, "तुम्ही अतांना ऐकलं होतं ना? मागे काय ठेवायचं, सांगाल का?"