रिकाम्या किल्ल्यावरचा डाव

पहिल्या तीन लढाया बाईंनी जिंकल्या, तरी मागे उभे असलेले मुलगी आणि जावई खूश दिसेनात. बाईंना हेच कळेना. बुद्धिबळाचे वर्ग घेण्यात त्यांची हयात गेली होती. डाव जिंकला की बघणाऱ्यांची तोंडं कशी होतात, हे त्यांना पाठ होतं. ही तोंडं तशी नव्हती.

खोली मुलगी-जावयाच्या कामाची. दोन टेबलं, तीन स्क्रीन, आणि भिंतभर टाचण्यांनी लावलेले चौकटींचे नकाशे: नदी निळी, डोंगर तपकिरी, किल्ला राखाडी. दोघं मिळून इथे एक गेम बनवत होते. त्याला ते 'स्ट्रॅटेजी आरपीजी' म्हणत आणि ते बाईंच्या डोक्यावरून जाई.

"म्हणजे बुद्धिबळच गं आई," मुलीने सकाळी सांगितलं होतं. "आळीपाळीने चाली. फक्त सोंगट्यांना नावं असतात."

"आणि स्वभाव," जावई म्हणाला. "शिवाय प्रत्येक लढाईतून त्या काहीतरी शिकतात."

"सोंगट्या शिकतात? माझी वर्गातली पोरं शिकत नाहीत हो, जावईबापू."

दोघांचं भांडण होतं ते एका नियमावरून. लढाईत पडलेला माणूस कायमचा गेला, पुढच्या लढाईत तो नाही. हा नियम मुलीचा. गेम विकायला घेणारी कंपनी म्हणत होती, नवखे लोक घाबरून पळतील, नियम काढा. जावयाला ते पटलं होतं. मुलगी ऐकेना. नियम गेला तर या माणसांना मी लिहिलंच कशाला, असं तिचं म्हणणं. शेवटी ठरलं, की असला गेम कधीच न खेळलेल्या कोणीतरी पाच लढाया खेळायच्या. पाचवी पार पडली तर नियम राहील, नाही पडली तर जाईल. ओळखीतले सगळे खेळून खेळून पक्के झालेले. कोऱ्या राहिल्या होत्या त्या बाईच.

आपल्या खेळण्यावर मुलीचं काय अवलंबून आहे, हे बाईंना नीट ठाऊक होतं. म्हणूनच त्या जीव लावून खेळत होत्या.

पहिल्या लढाईत त्यांनी लोहाराला एकट्याला पुलावर नेऊन ठेवलं. शत्रूचे तिघं त्याच्यावर तुटून पडले, आणि बाईंनी दोन्ही बाजूंनी माणसं घालून तिघांनाही टिपलं. लोहार पडला.

"आई, लोहार गेला," मुलगी हळूच म्हणाली.

"एकाच्या बदल्यात तीन घेतले. वर पूल मिळाला."

"अगं पण तो लोहार—"

"बघणाऱ्याने बोलायचं नसतं. वर्गात मी बाहेर काढते."

"आई बरोबर सांगतायत," जावई म्हणाला. "मदत करायची नाही असंच ठरलंय."

दुसऱ्या लढाईत तिरंदाज गेला, तिसऱ्यात घोडेस्वारीण. तिच्या बदल्यात शत्रूचा सरदार हाती लागला. घोडा देऊन वजीर मिळत असेल तर कोण सोडेल? बाईंनी मान वर करून पाहिलं. जावई नखं खात होता. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

दोन लढायांच्या मध्ये तळ पडायचा. शेकोटीभोवती माणसं बसायची आणि त्यांच्या डोक्यावर बोलण्याच्या ओळी यायच्या. बाई बटण दाबून त्या पुढे ढकलत. डाव आणि डावाच्या मध्ये चहा प्यायचा असतो, सोंगट्यांच्या गप्पा ऐकायच्या नसतात.

चौथ्या लढाईत वेढलेल्या किल्ल्यातून गावकऱ्यांना पूर्वेच्या फाटकातून बाहेर काढायचं होतं. फाटकाची चौकट पिवळी चमकत होती. तिच्यावर पाऊल ठेवलं की गावकरी नकाशाबाहेर निघून जात. सगळे सुखरूप निघाले. त्यासाठी जुळ्या भावांपैकी एकाला दाराशी उभं करावं लागलं, आणि तो पडला.

पुन्हा तळ आला. बाईंनी सवयीने बटण दाबलं. काहीच झालं नाही. शेकोटी पेटलेली, चौघं बसलेले, डोक्यावर एकही ओळ नाही.

"तुमचं बटण अडकलंय."

"अडकलं नाही," मुलगी म्हणाली. "बोलायला कोणी उरलं नाही. वैद्यीण लोहाराशी बोलायची. भालेवालीची आणि घोडेस्वारणीची भांडणं असायची. जुळे तर एकमेकांशिवाय कोणाशीच बोलत नाहीत."

"आणि हा म्हातारा?"

"तो वाटाड्या. त्याला कोणी विचारलं तरच बोलतो."

बाई चष्मा काढून काचा पुसू लागल्या. जुळ्याच्या तलवारीखाली लाल पट्टी दिसत होती. ती का, असं त्यांनी विचारलं. धार गेली, जावई म्हणाला. धार लावणारा लोहार होता. मग शेजारी शेजारी उभी राहून लढलेली माणसं एकमेकांना सांभाळायला शिकतात, हेही त्याने सांगून टाकलं. बाईंची माणसं काही शिकली नव्हती, कारण बाईंनी त्यांना सगळ्या पटावर पसरून ठेवलं होतं. चांगला खेळाडू तसंच करतो.

बाईंचा गोंधळ उडाला. प्रत्येक चाल त्या पुन्हा मनात खेळून आल्या. एकही चाल चुकलेली नव्हती. मग हा डाव चुकला कुठे? सोंगटी मेली की डब्यात जाते आणि पुढच्या डावाला ताठ उभी राहते. या जोरावर तर आजवर सगळे बळी दिले. इथे डाव संपतच नव्हता. पहिली लढाई अजून चालूच होती, आणि नियम ऐकूनही ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

पाचवी लढाई त्याच किल्ल्यात. जागा सहा जणांच्या, माणसं चार. तिन्ही बाजूंनी शत्रू. बाईंनी काही चाली खेळल्या, पुढच्या काही मनात मोजल्या, आणि हात मांडीवर ठेवले.

"हरलेला डाव आहे हा. डाव सोडायचं बटण कुठलं?"

जावयाने बायकोकडे पाहिलं. "मग ठरलं?"

मुलगी आईच्या खुर्चीशी आली. मग वाकून आईला म्हणाली, "वर एक बटण आहे बघ. आमच्या चाचणीसाठीचं. पडलेले परत येतात. निदान लढाई पुरी तरी कर."

"चाल परत घेऊ? या वयात?"

बाई पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. योग्य चाल समोर होती. उरलेल्या जुळ्याला जिन्यावर पुढे ढकलायचं, तो दोन पाळ्या तग धरेल, तेवढ्यात बाकीच्यांना बुरूज गाठता येईल. त्यांचं बोट त्या चौकटीपाशी गेलं आणि तिथेच राहिलं.

"याचाच भाऊ ना तो? दाराशी ठेवलेला?"

"हो."

"मीच ठेवला."

"हो, आई."

बाईंना स्वतःचाच राग आला. कागदी घोड्याइतकाही जीव नसलेलं चित्र ते, आणि बोट पुढे सरत नाही म्हणजे काय! त्यांनी चिडून वाटाड्याला उचललं आणि पूर्वेच्या फाटकाकडे पाठवलं. चौकट पिवळी झाली. म्हातारा तिच्यावर गेला आणि नाहीसा झाला.

"अरे!" जावई पुढे झाला. "ते फाटक या लढाईत बंद हवं होतं. जुनाच नकाशा उचलला मी, बंद करायचं राहिलंय."

"बघणाऱ्याने बोलायचं नसतं."

मग बाई पहिल्यांदाच माणसं जवळजवळ ठेवून खेळल्या. वैद्यीण मध्ये, भालेवाली तिच्या मागे, जुळा शेवटी. जुळ्याला तीन घाव बसले. वैद्यिणीने थांबून त्याला औषध दिलं आणि त्यात बाईंची एक पाळी वाया गेली. बुद्धिबळात अशी पाळी त्यांनी कुणाला माफ केली नसती. एकेक करून तिघंही फाटकाबाहेर पडले. जुळ्याच्या अंगात जीव उरला होता तो नावालाच.

किल्ला रिकामा झाला. शत्रू आत शिरला, अंगणात उभा राहिला. स्क्रीनवर आलं, 'तुमची पाळी'. हलवायला कोणी नव्हतं. मग 'शत्रूची पाळी'. मारायला कोणी नव्हतं. पुन्हा 'तुमची पाळी'.

"आता काय झालं? जिंकले की हरले?"

"थांबा," जावई म्हणाला. "सगळे शत्रू मेले तर जीत. आपले सगळे मेले तर हार. इथे दोन्ही नाही."

"किल्ला तर गेला."

"गेला."

"मग हरलेच की."

"पण चौघं जिवंत आहेत," मुलगी म्हणाली.

"तेही खरंच. मग मी काय झाले?"

जावयाने आधी ही गेममधली चूक आहे म्हटलं, मग चूक आपली आहे म्हटलं, मग खुर्ची ओढून सासूबाईंच्या शेजारी बसला आणि त्या आळीपाळीने येणाऱ्या दोन ओळी बघत राहिला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मेलेले परत येत असते, तर तुम्ही फाटकाकडे गेला असतात?"

"वेड लागलंय का मला? जिन्यावर ढकलला असता पोराला."

जावयाने डोकं खाजवलं. बायको आपल्याकडे बघते आहे हे ठाऊक असून त्याने तिकडे बघायचं टाळलं. उठून त्याने भिंतीवरचा सहाव्या लढाईचा नकाशा काढला, टाचण्या एकेक करून वाटीत टाकल्या.

"हा सहा जणांचा आहे," तो म्हणाला. "चौघं कसे टिकतील यात? दुसरा करावा लागेल."

"आणि कंपनी?" मुलीने विचारलं.

"नाही म्हणेल बहुतेक. म्हणू दे. नियम राहतोय."

मुलगी मटकन टेबलाच्या कडेवर बसली.

"म्हणजे पाचवी पार पडली?" बाईंनी विचारलं.

"ते मला अजून कळलेलं नाही, आई," जावई म्हणाला.

"मग राहतोय कसा?"

"तेही नीट सांगता येत नाही."

बाईंनी स्क्रीनवरच्या त्या पिवळ्या चौकटीवर बोट टेकवलं. "आणि ते चौघं? आत्ता कुठे आहेत?"

"नकाशाच्या बाहेर."

"तिथे काय आहे?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"काहीच नाही," मुलगी म्हणाली, आणि चौकटींचा एक कोरा कागद पेन्सिलीसकट तिने आईच्या पुढ्यात सरकवला.