वीतभर पट्टीला वीस फूट झालर

वैद्यकीय कॉलेजच्या शिवणखोलीत चादरी, गाऊन आणि पडदे शिवण्यात जिची बावीस वर्षं गेली, तिला सगळे शिवणताई म्हणत. नव्या पोरांना तर ते तिचं आडनावच वाटे. एका दुपारी शरीररचना शिकवणाऱ्या मॅडम तिच्याकडे आल्या आणि कापडाचं आतडं शिवून मागू लागल्या. चित्रावरून पोरांच्या काही केल्या डोक्यात शिरत नाही, हातात धरून वळवता आलं पाहिजे, म्हणाल्या.

शिवणताईने सवयीने आधी मापं विचारली. लहान आतडं वीस फूट. ते पोटातल्या ज्या पातळ पडद्याला लटकतं, त्याची पाठीला चिकटलेली कड मात्र जेमतेम वीतभर. वीतभर पट्टीला वीस फूट झालर! असं माप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तिने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं.

पण या कामाने तिला झपाटलं. गुलाबी सुती कापडाच्या उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या पट्ट्या जोडून तिने नळी शिवली, आत मऊ कापूस भरला. पडद्यासाठी धुऊन धुऊन विरलेली मलमल घेतली आणि चुणीवर चुणी घालत गेली. नळी टेबलावरून उतरली, दोन खुर्च्यांवरून लोळत खिडकीशी पोचली आणि तिथे उन्हात सुस्तावून पडली. मशीन संथ घरघरत असे. बाहेरचे आवाज पाण्यातून यावेत तसे येत. शिवता शिवता तिला वाटे, आपणच कुणाच्या तरी पोटात बसलो आहोत, ऊबेत, आणि कसलीही घाई नाही.

आठवडाभराने मॅडमनी तिला ते वळवून दाखवलं. गर्भ सहा आठवड्यांचा असतो तेव्हा त्याचं पोट एवढंसं आणि यकृत केवढं तरी. आतड्याला आत जागाच उरत नाही. मग ते सरळ बाहेर पडतं आणि नाळेत जाऊन राहतं. महिनाभर तिथेच वाढतं, थोडं वळतं. दहाव्या आठवड्यात आत जागा होते, तसं ते घरी येतं आणि येता येता उरलेलं वळण पुरं करतं. सगळी मिळून पाऊण फेरी.

"त्याला परत कोण बोलावतं?" शिवणताईने विचारलं.

"ते अजून कुणाला नीटसं सांगता आलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी तेच आतडं मुद्दाम अर्ध्या वळणावर थांबवलं. तिरकी पसरलेली वीतभर कड आकसून दोन बोटांत मावली. शिवणताईने ती चिमटीत धरून उचलली मात्र, आणि वीस फुटांचा तो सगळा भार तिच्या डोळ्यांदेखत गरकन फिरला. मलमलीला दोरीसारखा पीळ बसला. काही बाळांत हे असंच अर्धवट राहून जातं, मॅडम सांगत होत्या, आणि जन्मल्यावर कधीतरी पीळ पडतो. बाळ हिरवं ओकतं. लगेच पोट उघडलं नाही, तर हाती काही लागत नाही.

शिवणताईचा हात आपसूक पोटावर गेला. तिथे एक आडवा व्रण होता, तिला कळायला लागायच्याही आधीचा. तान्ही असताना पीळ पडला होता, एवढंच घरी सांगत. विषय निघाला की आई उठून दुसऱ्या खोलीत जाई.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिने मटार सोलत बसलेल्या आईला त्या व्रणाबद्दल सरळच विचारलं. आईचे हात थांबले. सहाव्या दिवशी तू हिरवं ओकलीस, ती म्हणाली, डॉक्टरांनी तुला माझ्या हातातून ओढूनच नेलं. मग तिने मटारांचं ताट बाजूला सारलं.

"मीच केलं ते. सातवा महिना होता. मैदानात आकाशपाळणा लागला होता. सगळे नको नको म्हणत असताना मी जाऊन बसले. गरगर फिरले आणि तुझ्या पोटात पीळ घातला."

चव्वेचाळीस वर्षं ही बाई हे उराशी धरून बसली होती. शिवणताईने तिला समजावलं, की ते वळण तिसऱ्या महिन्यातच ठरून जातं. तू पाळण्यात बसलीस तेव्हा माझं केव्हाच अर्ध्यावर राहून गेलं होतं. आईला ते पटेना. मला बरं वाटावं म्हणून बोलतेस, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आईला कॉलेजात घेऊन गेली. मॅडमनी खुर्ची ओढून दिली आणि फार न बोलता ते गुलाबी ओझं म्हाताऱ्या मांडीवर ठेवलं. आईने ते नाळ म्हणून शिवलेल्या पिशवीत सारलं, बाहेर काढलं, वळवत वळवत आत बसवलं. प्रत्येक वेळी ती कितवा आठवडा ते विचारी आणि मॅडम न कंटाळता सांगत. चौथ्या खेपेला तिने विचारलं नाही. नुसती मलमलीवरून हात फिरवत राहिली.

"वर गेल्यावर सगळं गाव दिसलं होतं," ती हळूच म्हणाली. "नदीसुद्धा. इतकं छान वाटलं होतं मला. हे मी कधी कुणाला सांगितलंच नाही."

"मग आता सांग," शिवणताई म्हणाली आणि तिच्या पायाशी बसली.