कमानीचा दगड

बाबाराव पाटलाले अक्कल थोडी अन् तोरा फार. सांगते ना, तुम्हीच पाहा.

आमच्या गावापासून तीन कोसावर इंग्रजायचं जुनं चर्च आहे. त्याच्या कबरस्तानाले काळ्या दगडाची भिंत अन् कमानीचं फाटक होतं. साहेब लोक गेले, राखणारा कोणी उरला नाही. आम्ही बौद्ध झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी पाटलानं नवी विहीर खोदली अन् बांधायले ती भिंतच पाडून आणली. फुकटचा दगड. गावाले मात्र सांगितलं, साहेबाच्या बंगल्याचा आहे.

दगड म्या डोक्यावर वाहिले. माझ्या नवऱ्यानं, भीमराजनं, ते घडवून बसवले. तोंड उघडायचं नाही, अशी आम्हाले ताकीद. अन् पाणी लागल्यावर पाटील म्हणते कसा, "तानाबाई, आता कठड्याले हात लावायचा नाही. दूर उभी राह्य, कोणी वाढलं तर घे." आमच्या वस्तीची विहीर आटलेली, चाळीस घरं तहानलेली, हे त्याले माहीत होतं. निर्लज्ज मेला.

कमानीच्या दगडावर इंग्रजी अक्षरं होती. तो कठड्यात बसवताना भीमराजनं विचारलं होतं, "हे अंग आत फिरवू का?"

"तुले काय समजते? साहेबाची अक्षरं आहेत. बाहेर दिसू दे."

विहिरीच्या पूजेले पाटलाचा शिकेल जावई घनश्याम पुसदहून आला. पाटलानं चारचौघांत त्याले अक्षरं वाचायले लावली. त्यानं मनातच वाचली अन् सासऱ्याले बाजूले बोलावू लागला.

"मोठ्यानं सांगा, जावईबापू."

"या फाटकाच्या आत मेलेले झोपले आहेत, असं लिवलं आहे."

बायायनं भरलेल्या घागरी तिथंच उपड्या केल्या. मढ्याच्या दगडाचं पाणी कोणाले चालते? महिनाभर दोर कोणी ओढला नाही. शेवटी पाटलानं आमच्याकडं हात झटकला, "घ्या, तुम्हीच प्या." आम्ही प्यालो. पाणी गोड आहे. मेलेल्यायनं आम्हाले कधी दूर उभं केलं नव्हतं, आम्हाले त्यायचा कायचा विटाळ?

चैतात पाटलाच्या वाड्यातली विहीर आटली. त्याची सून सत्यभामा घागर घेऊन आली अन् दूरच उभी राहिली.

"पाणी वाढता का, तानाबाई?"

म्या दोर तिच्या हातात दिला. म्हणलं, "इथं वाढायची रीत नाही, बाई. ये, कठड्याले हात लाव अन् ओढ."

तिनं ओढलं. दुसऱ्या दिवशी सांगत होती, पाटील दोन लोटे प्याला. पाणी कोठलं, ते काही विचारलं नाही.