वडिलांचा साचा

नणंद जनावरांची डॉक्टर. तिनं मेलेलं बदक टेबलावर चिरलं, पोटातून निघालेल्या तीन गोळ्या ताटलीत टाकल्या आणि म्हणाली, "वहिनी, ओळखतेस का?"

न ओळखायला काय झालं? मासे धरायच्या गळाला बांधतात त्या शिशाच्या गोळ्या ओतण्यात वहिनीचा जन्म गेला होता. गोळ्या झिजल्या होत्या, तरी त्यांवरची उभी रेघ दिसत होती. तिच्या वडिलांच्या साच्यात ओरखडा होता, त्याची ती रेघ. दुसऱ्या कुणाच्या मालावर ती नव्हती.

"पोटात दाणे दळायला बदकं खडे गिळतात," नणंद म्हणाली. "गळ तुटून तळ्यात पडलेल्या या गोळ्याही त्यांनी खडेच समजून गिळल्या. मग शिसं अंगात भिनतं, मान उचलत नाही आणि भरल्या तळ्यात उपाशी मरतात बिचारी."

वहिनी तडक घरी आली.

नवऱ्यापाशी दीर बसलेला. गळ-दोऱ्यांचं दुकान त्याचं, आणि हंगामाची सगळी ऑर्डर तिच्याकडेच.

"भावजी, शिसं बंद. लोखंडाच्या गोळ्या करू."

"लोखंडाला गिऱ्हाईक नाही, वहिनी. चार बदकांपायी स्वतःच्या पोटावर पाय आणता? माणसं तर मरत नाहीत ना?"

"माणसं मरेपर्यंत थांबायचं होय?"

दीर हसला. हा माणूस हसला की समजावं, दुसरा डाव तयार आहे. "बरं, तुम्ही नका ओतू. साचा द्या. ओतणारे पुष्कळ पडलेत."

"देऊन टाक," नवरा कुजबुजला. "आपले हात मोकळे."

हात मोकळे म्हणे! रेघ तर तिच्या बापाचीच उठणार होती. वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं भट्टी पेटवली आणि साचा निखाऱ्यांत ठेवला. ओतण्याआधी साचा तापवतातच, त्यामुळे दिराची कळी खुलली.

"आली ना अक्कल ठिकाणावर!"

साचा लाल झाला तरी ती भाता ओढतच राहिली.

"वहिनी, फार तापला हो!"

तिनं चिमट्यानं साचा उचलला आणि गार पाण्याच्या बादलीत सोडला. ठिसूळ बिडाचाच तो, फाडकन तडकला. नवरा डोकं धरून खाली बसला. उद्या काय खायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. वडिलांची आठवण म्हणून एवढी एकच वस्तू उरली होती, आणि तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं बादलीतले तुकडे वेचले आणि दिराच्या पुढ्यात ठेवले.

"घ्या भावजी. साचा मागत होतात ना?"