छापायचा राहिलेला रूल

मार्विनची कल्याणात एक पत होती. बोटभर सैनिक रंगवून पटावर लढाया खेळणारी तिथे शंभरेक डोकी, आणि बाजारात नवा खेळ आला की सगळी आधी विचारायची, "मार्विनने काय लिहिलंय?" वाईट खेळाला तो नेटवर वाईटच म्हणायचा, बनवणारा कितीही मोठा असो. या एका गोष्टीचा त्याला भारी अभिमान.

हर्षितच्या खेळाला मात्र त्याने पाच स्टार दिले होते.

हर्षित आंबिवलीच्या जमीनवाल्यांपैकी. वडिलांच्या इमारतीतला एसी हॉल त्याचा, हॉलमधलं चार फुटी टेबल त्याचं आणि टेबलावरचे नियमही त्याचेच. फासा खाली पडला तर इतरांनी पुन्हा टाकायचा, हर्षितचा पडला तर चालतो. याला 'घरचा रूल' म्हणायचं आणि हसायचं. मार्विनला हे खटकायचं. तरी दर रविवारी तो जायचा, कारण असं टेबल आसपास दुसरं नव्हतं.

त्या रविवारी ठाण्याहून अलिशा नावाची शिक्षिका आली. शाळेतल्या मुलांसाठी तिने हर्षितने बनवलेला खेळ घेतला होता. खोका टेबलावर ठेवून तिने नियमांचं पुस्तक उघडलं.

"तोफेचा पल्ला चार फूट, आणि पटही चारच फुटांचा. ज्याची पहिली पाळी, तो समोरचं सगळं सैन्य उडवतो. मुलं विचारतात, मॅडम, खेळायचं काय?"

"अहो, पहिल्या पाळीत तोफ चालवायचीच नाही!" हर्षित म्हणाला. "घरचा रूल आहे आमचा."

"पुस्तकात कुठाय?"

"घरचा आहे ना? पुस्तकात कसा असेल?"

दर रविवारी खेळायला येणारा वॉरेन वेफर्स चघळत खिंकाळला. त्यानेही पाच स्टार दिले होते. मार्विन मात्र हसला नाही. वर्षभर ते सगळे घरच्याच रूलने खेळत होते. छापलेलं पुस्तक एकानेही उघडलं नव्हतं. त्यानेही नाही.

"मार्विन, समजाव ना रे यांना," हर्षित म्हणाला. "तुझंच वाचून घेतलाय त्यांनी."

अलिशाने त्याच्याकडे पाहिलं. मार्विनने टेबलाकडे पाहिलं.

"घरचा रूल लावलात तर छान चालतो, मॅडम," तो म्हणाला.

बोलला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. इतकी वर्षं दुसऱ्यांना लाळघोटे म्हणणारा हाच तो मार्विन!

"मग खोक्यावर तुमच्या घराचा पत्ताही छापायचा होता," अलिशा म्हणाली. "ठेवा हा तुमच्याकडेच."

ती गेल्यावर हॉलभर हशा पिकला. "नाक कसं मुरडलं तिने, बघितलंस?" वॉरेन म्हणाला. खोका उचलून मार्विन निघाला.

घरी त्याने जेवणाच्या टेबलावर पट मांडला आणि मम्मीला, बिट्रिसला, समोर बसवलं. नियम पुस्तकातूनच वाचून दाखवले, अक्षर न अक्षर. पहिली पाळी मम्मीची. तिने तोफ डागली, फासे टाकले, पुन्हा टाकले. दोन महिने खपून त्याने ज्यांच्या भुवयासुद्धा रंगवल्या होत्या, ते सगळे सैनिक आडवे झाले. चहा अजून गरम होता.

"संपला?"

"संपला."

"आणि यावर तू काय लिहिलेलंस?"

मार्विनने फोन काढला. स्वतःचंच लिहिलेलं वाचून दाखवलं. "'पहिल्या पाळीपासून शेवटच्या पाळीपर्यंत श्वास रोखून धरायला लावणारा खेळ.'"

"अरे, पण पहिली आणि शेवटची एकच आहे की," मम्मी म्हणाली.

मार्विनने पाचातले चार स्टार काढले. एकाखाली जाता येत नव्हतं. मग खाली लिहिलं, 'हा खेळ छापील नियमांनी न खेळताच मी त्याची तारीफ केली होती. माझ्यावर विश्वास ठेवू नका.' आणि पूर्ण नाव टाकलं.

दहा मिनिटांत हर्षितचा मेसेज आला. रविवारी येऊ नकोस, नवा घरचा रूल.