कुंकवाला रक्त म्हणाले

रक्ताला कधी हळदीचा वास येतो का?

मी पोलिसांना विचारलं, न्यायाधीशबाईंना विचारलं. चाकूचं कोण ऐकतो?

मी कलम बांधायचा चाकू बोलतोय. घडीचा, अक्रोडाच्या मुठीचा. कारखाना मला आठवत नाही. मला आठवते ती न्यूझीलंडमधल्या टौरंगाजवळची किवीफळांची बाग आणि मकरंदचा हात. तासगावच्या द्राक्षांवर बसलेला हात होता तो. काम झालं की मला पँटला पुसायचा आणि म्हणायचा, "चल भावा, झोप आता."

त्याचा धाकटा भाऊ क्षितिज शेजारच्या ओळीत फांद्या ओढायचा. तो चिडायचा. "दादा, भाऊ मी आहे की तो?"

"तोच. तू बोथट आहेस."

आम्ही तिघेही हसायचो.

हत्यारं शेडबाहेर न्यायची नाहीत, हा बागमालकाचा नियम. पण खंडेनवमीला सुपरवायझर रवींद्र स्वतःच म्हणाला, "घरी ने रे याला, पूजा कर. उद्या आण." मकरंदने मला पाटावर ठेवलं. हळद लावली, ओलं कुंकू लावलं. ते पार माझ्या बिजागरीत उतरलं. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, म्हणून सकाळी तसंच मिटून मला खिशात घातलं.

वाटेत तो कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दूध घ्यायला शिरला. पाकीट काढताना मी खाली पडलो आणि उघडलो. लाल पातं बघून काउंटरवरची बाई किंचाळली.

ते रक्त नव्हतं, हे पोलिसांना नंतर कळलं. पण गुन्हा सबळ कारणाशिवाय चाकू बाळगल्याचा होता. कारण सांगू शकणारा माणूस एकच होता. रवींद्र म्हणाला, "कलमांचा हंगाम संपलाय. मी कोणाला चाकू दिलेला नाही."

एवढंच बोलला. मकरंद गुन्हेगार ठरला, त्याची रेसिडेन्सी अडली. आणि मी पुराव्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद झालो. तिथे ओल होती. कुंकवाखाली गंज चढत गेला. त्या अंधारात मी रोज एकच नाव घोळवलं. रवींद्रचं.

पिशवी पुन्हा हलली ती अपिलाच्या दिवशी. टेबलावरून मी मकरंदला शोधलं. तो नव्हता. फक्त क्षितिज होता, दादाच्या सैल कोटात. वकील सुमेधाताई उठल्या आणि म्हणाल्या, माझे अशील अपील दाखल केल्यावर कायमाईच्या घाटात गाडी घसरून वारले.

मला असं कळलं. टेबलावर पडल्यापडल्या.

त्या पुढे म्हणाल्या, "माणूस गेला तरी त्याच्या नावावरचा डाग राहतो. या देशातल्या मूळ लोकांतही मेलेल्याची इज्जत घरच्यांनीच राखायची असते. हे अपील चालवावं."

ते चाललं. रवींद्रला शपथेवर उभं केलं. सुमेधाताईंनी उलटसुलट विचारलं तेव्हा त्याने कबूल केलं. "चाकू मीच दिला. नियम मोडला हे मालकाला कळलं असतं तर माझं काँट्रॅक्ट गेलं असतं."

आधीचा निकाल रद्द झाला. मकरंदचं नाव धुऊन निघालं. ते ऐकायला मकरंद नव्हता.

मी क्षितिजच्या हाती परत आलो. सुमेधाताई म्हणाल्या, "घरी जा हं सरळ."

तो बागेत गेला. मी त्याच्या मुठीत होतो आणि मला तेच हवं होतं.

रवींद्र फाटकाशी उभा होता. "क्षितिज, अरे, मलाही बायकापोरं आहेत."

"मला दादा होता!"

क्षितिजने माझ्या पात्याच्या खाचेत नख घातलं. मला त्याची नस कळत होती, ती मकरंदसारखीच उडत होती. मला रवींद्रचा गळा हवा होता. अजून हवा आहे. पण तो चिरला तर उद्या क्षितिजचंही नाव कोर्टात वाचलं जाणार, आणि ते पुसायला घरात कोणी उरलेलं नाही.

त्याने ओढलं. नख तुटलं. त्याने दातांनी ओढलं.

मकरंदने लावलेलं कुंकू गंज होऊन माझ्या बिजागरीत बसलं होतं. मी त्याला घट्ट धरलं.

मी उघडलो नाही.